सकाळी चढणारा ताप

१

मुलाने टेबलावर कागदाची पुडी ठेवली, पण वरून हात काही काढला नाही.

“डॉक्टर, माझ्या आईला घरात कुणीतरी विष घालतंय,” तो म्हणाला. “आणि कोण घालतंय तेही मला माहीत आहे.”

डॉक्टरने त्याच्याकडे पाहिलं, मग पुडीकडे पाहिलं आणि खुर्ची जराशी पुढे ओढली. रुग्णालयात पाठीमागे तिला सगळे ‘थर्मामीटर’ म्हणत. काचेसारखी सरळ, हात कायम गार, आणि एकदा आकडा दाखवला की झटकल्याशिवाय खाली न येणारी. ज्या तापाचं कारण सापडत नाही, त्याचे रोगी शेवटी तिच्याकडे यायचे. म्हणजे बाकीच्यांनी सगळ्या तपासण्या करून हात टेकले की मग. त्यामुळे तिच्यासमोर बसणारी माणसं आधीच थकलेली असत, आणि तिच्याशी दोन शब्द इकडचे तिकडचे बोलावेत एवढं त्राण त्यांच्यात उरलेलं नसे. तिला त्याची सवय होती.

“कोण?” तिने विचारलं.

“माझी आत्या. बाबांची बहीण.”

मुलगा पूल बांधणारा इंजिनिअर होता. बोलायचाही तसाच, एका खांबावरून दुसऱ्या खांबावर. आई शाळेत रसायनशास्त्र शिकवायची, आता निवृत्त. वडील गेल्या वर्षी गेले, गळ्याच्या कर्करोगाने. मग घरात उरल्या दोघी, आई आणि बिनलग्नाची आत्या. पुढे काही महिन्यांत आईला ताप यायला लागला. थंडी, अंगदुखी, कोरडा खोकला. वजन उतरलं. रक्त, थुंकी, छातीचे फोटो, सगळं झालं आणि सगळं स्वच्छ निघालं.

“तीनदा ॲडमिट केलं. इथे आली की ताप आपोआप उतरतो, औषध न देता. घरी गेली की पुन्हा चढतो. मध्ये माझ्याकडे राहिली, तेव्हाही ताप नाही. इथे नाही, माझ्याकडे नाही, फक्त त्या घरात. त्या घरात माणसं दोन, आणि स्वयंपाक एकीच्या हातात.” त्याने आता हात उचलला. “ही पूड आईच्या उशाशी पाण्याचं भांडं असतं, त्याच्या झाकणावरून खरवडून आणली मी.”

कागदात चिमूटभर पांढरी भुकटी होती, पिठाहून बारीक.

“आत्यांनी असं का करावं?”

“आयुष्यभर भावाच्या घरात राहिली. तो गेला, घर वहिनीचं झालं. मनात काय शिजत असेल, कुणी सांगावं?”

“आईंना हे बोललात?”

“नाही, आणि तुम्हीही बोलू नका. परवा दुपारी आई घरी जायची. त्याच्या आत मी आत्याला वृद्धाश्रमात पोचवतोय, जागा ठरवून आलोय. पोलिसांत गेलो नाही हे तिचं नशीब समजा.”

तो गेल्यावर तिने पुडी उचलली आणि तळघरातल्या प्रयोगशाळेत नेली. तिथला तंत्रज्ञ एक चष्मा नाकावर आणि दुसरा कपाळावर ठेवून वावरायचा, म्हणून तो ‘चार डोळे’. त्याने थोडी भुकटी काचेवर घेतली आणि वर आम्लाचा थेंब सोडला. थेंब फसफसला.

“विष म्हणालात?” चार डोळे हसला. “मॅडम, हा चुना. जड पाणी उकळलं की किटलीच्या बुडाशी बसतो ना, तोच थर. आणखी काही मिसळलंय का ते बघून सांगतो, पण मला नाही वाटत. याने माणसं मरत असती तर मी आणि बायको केव्हाच वर पोचलो असतो.”

तीही हसली असती. पण जिन्याच्या मध्यावर तिचे पाय थांबले. किटलीच्या बुडाचा थर किटलीच्या बुडाशीच राहतो. तो उडत जाऊन कुणाच्या उशाशी बसत नाही.

२

शाळेत शिकवलेल्या माणसाला गाव आयुष्यभर ‘बाई’ म्हणतं. वॉर्डातही त्या बाईच झाल्या होत्या. खिडकीजवळच्या खाटेवर पाय लांब करून पेपर वाचत होत्या.

“या. आज काय काढायचंय?” त्यांनी विचारलं. “रक्त सगळं नेलंत. हाडांत काही शिल्लक असेल तर बघा.”

“आज नुसतं बोलायचंय.”

“अरे बापरे. म्हणजे दुखणं गंभीर दिसतं.”

डॉक्टर खाटेच्या कडेला बसली. “बाई, बहुतेक ताप संध्याकाळी चढतात. तुमचा उलटा आहे. घरी पहाटे थंडी वाजते, दुपारपर्यंत ताप भरात असतो आणि दिवेलागणीला उतरतो.”

“शिस्तीचा आहे. शाळेच्या वेळेत येतो.”

“म्हणजे त्याला बोलावणारं जे काही आहे, ते रात्री येतं. रात्री तुम्ही काय करता?”

“म्हातारी बाई रात्री काय करणार? दार लावून घेते आणि झोपते.”

“दार लावून?”

बाईंनी पेपरची घडी घातली, मग त्या घडीवर आणखी एक घडी घातली. “सवय आहे.”

डॉक्टरचं सगळं आयुष्य लोकांच्या छातीला कान लावण्यात गेलं होतं. श्वास कुठे अडतो ते तिला नळीशिवायही ऐकू यायचं. बाई ॲडमिट झाल्या त्या दिवशी त्यांच्या फुप्फुसांच्या तळाशी बारीक करकर होती, कानाजवळ केसांची बट चोळल्यासारखी. दोन दिवसांत ती करकर नाहीशी झाली. आता श्वास स्वच्छ होता, फक्त ‘दार’ या शब्दापाशी अडला होता.

बाहेर आल्यावर सिस्टरने तिला औषधांच्या कपाटाआड गाठलं. “मॅडम, रागावू नका. बाई इथलं जेवण जेवतच नाहीत. दोन्ही वेळा नणंदेचा डबा येतो, मागच्या जिन्याने. नियमात बसत नाही म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं.”

“कधीपासून?”

“तिन्ही खेपांना. पहिल्या दिवसापासून.”

म्हणजे तोच हात, तेच जेवण, आणि तरी ताप नाही. विषाची गोष्ट इथे संपायला हवी होती. डॉक्टरने लगेच मुलाला फोन लावला.

तो ऐकून घेऊन म्हणाला, “आत्या काही वेडी नाही. रुग्णालयात पाठवायच्या डब्यात कशाला घालेल? पकडली नाही जाणार? डॉक्टर, पूल पडला की आम्ही ‘अमक्याने पडला नाही’ असा अहवाल देत नाही. कशाने पडला ते सांगतो. तुमच्याकडे दुसरं कारण आहे?”

तिच्याकडे नव्हतं.

“मग परवाचं ठरलंय,” तो म्हणाला आणि फोन ठेवला.

३

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर त्या घरी गेली. दार आत्यांनी उघडलं. चणीने लहान, हात ओले, चेहऱ्यावर कुणी आलं याचंच आश्चर्य.

“वहिनी बऱ्या आहेत ना?”

“बऱ्या आहेत. घर बघायला आले.”

“घरात काय बघायचं? दोन माणसं आणि चार खुर्च्या.” त्या बाजूला सरल्या. “या. आवाज करत या हवं तर. इथे कुणाची झोपमोड होत नाही.”

आत्यांची खोली मागच्या बाजूला होती. तिच्या खिडकीवर वरच्या मजल्याची गच्ची होती, आणि गच्चीवर कबुतरं. डॉक्टरच्या मनात घंटा वाजली. कबुतरांच्या विष्ठेची धूळ फुप्फुसांत जाऊन ताप येतो, हे तिने अनेकदा पाहिलं होतं. ती तडक वर गेली. कबुतरं पाळणारा भाडेकरू बाह्या वर करून जाळी झाडत होता.

“बोला, काय तक्रार?” तो म्हणाला. “माझ्या पाखरांना नावं ठेवायला सगळं जग येतं. विचारपूस करायला कुणी येत नाही.”

“तुम्हाला ताप येतो का कधी?”

तो गडबडला. “मला? नाही. यांच्यातच झोपतो मी. का बरं?”

खाली येऊन तिने आत्यांना विचारलं, “तुमची खिडकी उघडी असते?”

“सताड. मला कोंडल्यासारखं होतं.”

“आणि ताप?”

“माझ्याकडे यायचं धाडस तापाला होत नाही. आला तर बघणार कोण?”

कबुतरांच्या थेट खाली झोपणारी ठणठणीत, आणि भिंतीपलीकडे खिडक्या बंद करून झोपणारी आजारी. कबुतरं निर्दोष सुटली.

बाईंच्या खोलीत खाट, आरसा, काळा रेडिओ, कुलूपबंद कपाट. खाटेच्या डोक्याशी एक बुटकं स्टूल. आरशावर पांढुरकी साय आली होती. डॉक्टरने बोट फिरवलं तर रेघ उमटली.

“काल पुसलाय हो तो,” आत्या ओशाळून म्हणाल्या. “म्हणजे काल नाही, परवा. नाही, वहिनी गेल्या त्याच्या आदल्या दिवशी पुसला. सकाळी पुन्हा तसाच. माझ्या खोलीत असा एक कण नाही. वहिनी म्हणतात भिंतीचा रंग झडतो.”

भिंतीला तेलरंग होता, एक खपली सुटलेली नव्हती. आणि साय सगळीकडे सारखी नव्हती. खाटेकडच्या अर्ध्या आरशावर दाट, दूरच्या अर्ध्यावर विरळ. रेडिओचंही तसंच. स्टुलाचं लाकूड मधोमध फुगून वर आलं होतं, गोल, ताटलीएवढं. त्याच्यावर काय असतं ते आत्यांना माहीत नव्हतं.

“संध्याकाळनंतर मी या खोलीत येत नाही. त्या दार लावून घेतात. कपाटाची किल्लीही त्यांच्याकडेच असते.” त्या थांबल्या. मग जरा आवाज खाली आणून म्हणाल्या, “डॉक्टर, एक विचारू? भाचा मला उद्या फिरायला नेणार आहे. चार दिवसांचे कपडे घे म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. थंडीचे घेऊ का? कुठे नेतोय ते काही सांगत नाही, मजा करतोय.”

डॉक्टरने विषय बदलला. “रात्री या खोलीतून काही आवाज येतो?”

“पंख्याचा येतो ना. रात्रभर गुणगुण. भिंतीपलीकडून मला ऐकू येते, त्या नादात माझाही डोळा लागतो.”

डॉक्टरने मान वर केली. पंख्याच्या पात्यापासून छतापर्यंत कोळ्याने जाळं विणलं होतं. जुनं, धुळीने जाड झालेलं, आणि त्याचा एकही धागा तुटलेला नव्हता.

४

डॉक्टर एकटी राहायची. दोन खोल्या, एक खाट, एक ताट. संध्याकाळी आल्यावर दिवा लावायचा, ओट्याशी उभ्यानेच काहीतरी खायचं आणि पुस्तक उघडायचं. माणसाला एकटेपणाची सवय होते असं लोक म्हणतात. होते, पण नवीन चपलेची होते तशी, घट्टे पडून.

त्या संध्याकाळी ती ओट्याशी उभी होती. डोक्यात एकच गाणं. किटलीचा थर हवेत कसा चढला? बंद पंखा गुणगुणला कसा? साप म्हणून भुई धोपटून झाली होती. विष नाही, कबुतरं नाहीत. उरलं होतं ते एक दार, आतून लावलेलं.

तेवढ्यात वीज गेली.

दिवा गेल्याचं तिला काही वाटलं नाही. पण फ्रिज थांबला. कोपऱ्यात त्याची जी अखंड गुरगुर चालायची, ती एकदम तुटली आणि घर विहिरीसारखं खोल झालं. “काय झालं रे?” ती म्हणाली. मोठ्याने. फ्रिजला.

मग ती तशीच अंधारात उभी राहिली. स्वतःची लाज वाटायला हवी होती, पण तिला वाटत होतं काहीतरी वेगळंच. त्या फ्रिजमध्ये गेल्या कित्येक दिवसांत दुधाखेरीज काही नव्हतं. तो दुधासाठी चालू नव्हता.

माणूस आवाजासाठी यंत्र चालू ठेवतो. आणि विचारलं तर सांगत नाही.

तिने हातातली वाटी खाली ठेवली. रात्रभर गुणगुणणारं, खाटेच्या डोक्याशी स्टुलावर बसणारं, बुडाशी पाझरणारं, आणि पाणी हवेत उडवणारं यंत्र. जड पाण्याचे बारीक थेंब हवेत सोडले की पाणी वाळून जातं आणि चुना तेवढा खाली बसतो. आरशावर, रेडिओवर, भांड्याच्या झाकणावर. जे आरशावर बसतं ते छातीतही बसतं. गळ्याच्या कर्करोगाचे रोगी तिने पाहिले होते. त्यांच्या गळ्याला श्वासासाठी छिद्र पाडतात, आणि कोरड्या हवेने ते बुजू नये म्हणून खोलीत गार धुकं सोडणारं मशीन ठेवतात.

तिने मुलाला फोन लावला.

“वडिलांच्या खोलीत धुक्याचं मशीन होतं?”

“होतं,” तो म्हणाला. “पण ते नाही आता तिथे. बाबांचं सगळं सामान मी देऊन टाकलं. खाट, चाकांची खुर्ची, मशीन. स्वतः गाडीत भरलं.”

“मशीन तुम्ही स्वतः उचललंत?”

“आईने खोक्यात बांधून दिलं होतं.”

“खोकं उघडून पाहिलंत?”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“तुम्ही म्हणता ते असलं, तर आईच सांगेल मला,” तो म्हणाला. “ती कधी खोटं बोलत नाही. ती सांगेपर्यंत माझं ठरलेलं बदलत नाही.”

५

“खोक्यात काय बांधून दिलं होतंत?” डॉक्टरने विचारलं.

सकाळची वेळ होती. बाईंची पिशवी भरून खाटेवर ठेवलेली होती. त्यांनी आधी डॉक्टरकडे, मग दाराकडे पाहिलं. नाकारायचा विचार चेहऱ्यावर आला आणि गेला. वर्गात चिठ्ठी पकडली गेली की मुलांचा होतो तसा चेहरा त्यांचा झाला.

“जुनी पाठ्यपुस्तकं,” त्या म्हणाल्या. “वजन जमायला हवं होतं.”

“आणि मशीन कपाटात.”

“रात्री बाहेर काढायचं, सकाळी आत. कुणाला कळलं कसं?”

डॉक्टरने सांगितलं. पहाटेचा ताप, आरशाची दाट आणि विरळ बाजू, स्टुलावरचा फुगवटा, पंख्याचं जाळं. बाई शांतपणे ऐकत होत्या, मध्येच “बरोबर” म्हणत होत्या, विद्यार्थ्याने गणित फळ्यावर सोडवावं आणि बाजूला उभं राहून बघावं तशा.

“पाणी साठून राहिलं की त्यात जंतू वाढतात,” डॉक्टर म्हणाली. “मशीन ते धुक्याबरोबर तुमच्या छातीत सोडत होतं. फुप्फुसं त्यांच्याशी भांडत होती, तो ताप. इथे मशीन नाही, मुलाकडे मशीन नाही, म्हणून ताप नाही. रोज धुतलं असतंत, पाणी बदललं असतंत, तर बहुधा काही झालं नसतं. बाई, तुम्ही विज्ञान शिकवलंत. पाणी का नाही बदललंत?”

बाईंनी पिशवीचा बंद सोडला, पुन्हा बांधला.

“ते पाणी ह्यांनी भरलेलं होतं,” त्या म्हणाल्या. “आवाज बंद झाला त्यांचा, गळाच काढला ना. मग बोलणार कोण? मशीनच बोलायचं रात्रभर. ते गेले आणि घर असं मुकं झालं… मी लावून पाहिलं. त्यात पाणी होतं. ते कसं ओतून द्यायचं? म्हणून कमी झालं की नळाचं वर घालायचे. नुसती भर.”

“पण बाई, भर घालत गेलं की…”

“मला शिकवू नका. द्रावण विरळ कसं होतं ते मी तुमच्या वयाच्या मुलींना शिकवलंय. त्यांच्या हातचा थेंबही त्यात उरला नसणार. दिवसा मला हे नीट कळतं.”

डॉक्टरने विचारलं, “मशीनची शंका आली नव्हती?”

“आली होती. दुसऱ्यांदा घरी गेले, पुन्हा ताप आला, तेव्हा.”

“मग?”

“मग काय.” बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. “ताप परवडला.”

एवढं बोलून त्यांनी विषय मिटवला असता. डॉक्टरला मुलाची ताकीद आठवत होती. पण रोग्यापासून रोग लपवायचा नाही हा तिचा नियम जुना होता, आणि या रोगाचा अर्धा भाग अजून बाईंना कुणी सांगितलाच नव्हता.

“तुम्हाला परवडला,” ती म्हणाली. “तुमच्या नणंदेला परवडणार नाही. तुमच्या मुलाचं म्हणणं आहे, त्या तुम्हाला विष घालतात. आज दुपारी तो त्यांना वृद्धाश्रमात ठेवतोय.”

“कुणाला?” बाईंना आधी कळलंच नाही. “वन्संना?”

“त्यांना वाटतंय, फिरायला नेतोय.”

बाई खाटेवरून इतक्या झटक्यात उठल्या की पिशवी खाली पडली. त्या एका हाताने चपला आणि दुसऱ्या हाताने चष्मा शोधत होत्या, तोच वॉर्डाचं दार उघडलं. मुलगा उभा होता. त्याच्यामागे, नवा कोट घालून, एका हातात छोटी बॅग आणि दुसऱ्या हातात डबा घेऊन आत्या उभ्या होत्या.

“ऐकेचना,” मुलगा चाचरत म्हणाला. “तुला भेटल्याशिवाय निघणार नाही म्हणाली.”

६

“इकडे ये,” बाई मुलाला म्हणाल्या. तो आला. चाळिशी उलटलेला माणूस, पण आला तो वर्गात बोलावल्यासारखा. “त्यांच्या हातातली बॅग घे आणि खाली ठेव.”

त्याने ठेवली.

“आता ऐक. बाबांचं मशीन मी दिलं नाही. खोक्यात पुस्तकं होती. मशीन माझ्या कपाटात आहे. रोज रात्री दार लावून मी ते उशाशी लावते, त्यातलं पाणी बदलत नाही, आणि त्यानेच मला ताप येतो. तुला वाटतं तसं काही नाही. तुझ्या आईचं डोकं फिरलं होतं, एवढंच.”

मुलगा डॉक्टरकडे बघू लागला. डॉक्टरने मान डोलावली. “भुकटी नुसता चुना होता. दुसरं काहीही मिसळलेलं नव्हतं, काल अहवाल आला. आणि डबा त्या इथेही रोज जेवत होत्या.”

“पण आई,” तो म्हणाला, “मला सांगायचं ना.”

“सांगितलं असतं तर काय केलं असतंस?”

तो खोटं बोलला नाही. “देऊन टाकलं असतं.”

“हं.”

इतका वेळ आत्या एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होत्या. अर्थ त्यांच्यापर्यंत सावकाश पोचला, आणि पोचला तो चुकीच्या दाराने.

“म्हणजे फिरायला जायचंच नव्हतं?” त्यांनी विचारलं.

मुलाने मान खाली घातली. बाजूच्या खाटेवरच्या रोग्याने टेबलावरचा ग्लास उचलला आणि पाणी नसतानाही तोंडाला लावला. आत्या कोटाचं वरचं बटण काढू लागल्या. ते नवं होतं, निघेना.

“वन्सं,” बाई म्हणाल्या, “डबा आणलाय?”

“आणलाय. पण आता तुम्ही घरीच…”

“द्या इकडे.”

बाईंनी डबा मांडीवर घेतला, झाकण काढलं आणि मुलाच्या डोळ्यांसमोर जेवायला सुरुवात केली. घाई न करता, शेवटच्या घासापर्यंत. मुलगा उभा राहून बघत होता. कुणी त्याला बस म्हटलं नाही.

जेवून झाल्यावर बाईंनी कपाटाची किल्ली डॉक्टरच्या हातात दिली. “तुम्हीच घेऊन जा. मला दाखवू नका.”

मशीनमधलं पाणी चार डोळ्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि दोन्ही चष्मे काढून पुसले. “मॅडम, हे पाणी नाही,” तो म्हणाला, “ही वसाहत आहे. एवढी गर्दी मी बाजारातही बघितली नाही.” त्याच जंतूंशी भांडल्याच्या खुणा बाईंच्या रक्तात सापडल्या, तेव्हा कुठे डॉक्टरने कागदावर निदान लिहिलं.

महिन्याभराने दोघी तपासणीला आल्या. ताप परत आला नव्हता. वजन भरत होतं, छाती स्वच्छ होती.

“झोप?” डॉक्टरने विचारलं.

“झोप कसली,” बाई म्हणाल्या. “वन्संनी खाट माझ्या खोलीत आणली आहे. आणि डॉक्टर, त्या घोरतात. घोरतात म्हणजे काय, दगडांची गाडी घाट चढते. मी वन्संना वेगळ्या खोलीत का झोपवत होते ते आता आठवलं.”

“मी नाही घोरत,” आत्या म्हणाल्या.

“काल मी उठून दार बघून आले, कुणी ट्रक लावला का म्हणून.”

बाई औषधांच्या खिडकीकडे गेल्या. आत्या मात्र उठल्या नाहीत. त्यांनी मागे वळून, वहिनी पुरेशा लांब गेल्याची खात्री करून घेतली.

“डॉक्टर, एक सांगायचं होतं. तुम्हालाच. बाकी कुणाला नाही.”

“बोला.”

“त्या मशीनमधलं पाणी. वहिनी म्हणतात, दादाने भरलेलं.” त्या हात एकमेकांत गुंतवून बसल्या होत्या. “दादाला शेवटी शेवटी कुशीवरसुद्धा होता येत नव्हतं. वहिनी त्याच्यापाशी बसून असायच्या, त्यांना कशाचं भान नव्हतं. भांडं मी भरायचे. शेवटचंही मीच भरलं.”

बाहेर खिडकीवर बाई कुणालातरी गोळ्या मोजून दाखवायला सांगत होत्या, आवाज इथपर्यंत येत होता.

“त्यांना सांगणार?”

आत्यांनी मान हलवली.

“नाही. माझ्या हातचं असं कुणी काही उशाशी घेऊन झोपलं नव्हतं कधी,” त्या म्हणाल्या, आणि वहिनींनी हाक मारली तशी पर्स उचलून लगबगीने बाहेर गेल्या.